माझा हुर्रे उशिरा आला

बाबा, तुमचा तक्ता चिकटवून झाला. आता पाटाखाली दाबून ठेवलाय, पाटावर वरवंटा, म्हणजे वाळताना कागद वर उचलला जाऊ नये. खळ आईने शिजवून दिली, मैद्याची. तुम्ही विचाराल, तक्ता फाटला कसा. मी फाडला. दोन वर्षांपूर्वी. ते सांगायलाच बसलोय, आणि आजच बसलोय, कारण उद्या सकाळी समोरच्या क्वार्टरपुढे ट्रक लागणार आहे. काका रिटायर झाले. तुमच्याच सेक्शनचे, शेजारच्या लेथवरचे, तुम्हाला शेवटपर्यंत 'सॉरी भाऊ' म्हणून हाक मारणारे काका. क्वार्टर सोडून ते सगळे नागपूरला चालले. सगळे म्हणजे त्यांची मुलगीही. तिला एक गोष्ट सांगायची दोन वर्षांपासून राहून गेलीय, आणि उद्या सकाळनंतर सांगायला समोर कोणी नसेल. म्हटलं, आधी तुमच्यापुढे एकदा म्हणून बघावं. गोहलपुरात, मी कामाला जातो त्या वर्कशॉपात, दुपारपासून लाईट नाही, उस्तादने सगळ्यांना घरी पाठवलं, तेव्हा वेळही आहे. नऊ वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण राग. तुम्ही गेलात याचाच राग होता. माझं डोकं तुमच्यावर गेलेलं नाही म्हणते आई, तिच्या भावावर गेलंय.

तुमचं 'सॉरी भाऊ' हे नाव कसं पडलं हे तुमच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मी तिथे उभा होतो असं मला वाटतं. तुम्ही फॅक्टरीत नवे आहात, गोंदियाकडून येऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. लेथवरून एक जॉब, नुकताच कातलेला लोखंडाचा भाग, उतरवून ठेवलाय, हाताला तेल आहे. मोठे साहेब कोणा बाहेरच्या पाहुण्याला घेऊन येतात. पाहुणा तो जॉब हातात घेतो, उजेडात फिरवून बघतो आणि म्हणतो, "वॉव!" तुम्हाला वाटतं, झालं, काहीतरी बिघडलं. तुम्ही मशीन बंद करता, ताठ उभे राहता आणि म्हणता, "सॉरी सर." साहेब हसतात, पाहुणा हसतो, अख्खा सेक्शन हसतो, आणि काका तर पोट धरून खालीच बसतात. हे सांगताना तुम्हीही दर वेळी हसायचात. त्याच आठवड्यात रविवारी सायकल काढून तुम्ही सिविल लाइंसला गेलात, फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडून बसणाऱ्याकडून एक पातळ इंग्रजी व्याकरण घेतलं, आणि त्यातलं एकच पान इतकं वाचलंत की पुस्तक हातात घेतलं की ते आपोआप तिथेच उघडायचं. मनात एकदम काही झालं की माणसाच्या तोंडून जे निघतं, त्याचं पान. मी शाळेत जायला लागलो तेव्हा तुम्ही ते एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवलंत. डावीकडे मराठीत भावना, उजवीकडे देवनागरीतच तो शब्द, लाल शाईने. आनंदाला हुर्रे, दुःखाला अलास, शाबासकीला ब्राव्हो, दुखलं तर आउच, हातून काही सांडलं तर ऊप्स, जीव भांड्यात पडला तर फ्यू, कोणाला गप्प करायचं तर हश. पुस्तकात वॉव नव्हताच, तो तुम्ही सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठ्या अक्षरात, आपल्या मनाने घातलात. "हे काय लावून राहिले भिंतीले?" आई म्हणाली होती, "फोडणीचे शिंतोडे उडतील ना त्याच्यावर." तुम्ही खिळा ठोकता ठोकता म्हणालात, "उडू दे. इंग्रजीले बी थोडी हळद लागू दे."

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात तुमचा वर्ग भरायचा. आई चुलीशी, म्हणजे गॅसशी, पण ती त्याला चूलच म्हणायची. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून, मी आणि समोरची ती पोळ्यांच्या डब्याच्या दोन बाजूंना. बाकी शाळेतलं इंग्रजी तुम्ही कधी शिकवलं नाही. "वाक्य मंग," तुम्ही म्हणायचे. "शॉपमध्ये वाक्य पोचतच नाही. इतक्या मशिनी चालू असतात, बाजूचा काय बोलून राहिला काहीच ऐकू येत नाही. पण 'ए!' ऐकू येते. एक 'ए!' म्हणजे हात काढ. दोन म्हणजे वरून माल येऊन राहिला, डोकं सांभाळ. आवाज पहिले, बाकीचं जग मागून." आणि मग तुमचा तो नियम, जो मी पुढे कोणत्याच शाळेत पाहिला नाही. दर रविवारी प्रत्येकाला तक्त्यावरचा एक शब्द मिळायचा, आणि तो खरोखर आल्याशिवाय म्हणायचा नाही. आला, की पुढच्या रविवारी येऊन सांगायचं, कुठे आला, काय झालं होतं. "खोटा माल आपल्या इथे पास होत नाही," तुम्ही म्हणायचे. आठवडा गेला आणि नाही आला, तर "नाही आला काका" एवढंच म्हणायचं. तुम्ही मान हलवायचे, "नसंल आला. जबरदस्ती थोडी आहे." मधेच आई शेवटची पोळी उतरवून पाटावर बसायची आणि दमून म्हणायची, "हुश्श!" की आम्ही दोघं तोंडावर बोट ठेवून चिडीचूप. दर रविवारी. आई दर रविवारी चिडायची आणि दर रविवारी तसंच म्हणायची.

तिला तुम्ही अलास दिला होता. आठ वर्षांची पोरगी, तिला कसलं दुःख येणार. दर रविवारी ती यायची, "नाही आला काका," आणि पोळी-गूळ खाऊन जायची. महिना गेला असेल, जास्तच. मग एके दिवशी, रविवार नव्हता, तुम्ही पहिल्या पाळीहून येऊन बूट काढत होते. ती अनवाणी आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काका, अलास." त्यांच्या अंगणातलं पेरूचं झाड तोडलं होतं, भिंतीला तडा जात होता म्हणून. मी हसणार होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत फक्त. मग उठून रेडिओ बंद केला, तिला विचारलं, "कोणती फांदी होती तुह्यी?" आणि ती हाताने दाखवायला लागली, इतकी उंच, इथून अशी वळलेली, आणि दाखवता दाखवता रडायला लागली. तुम्ही एका पायात बूट, एक पाय उघडा, असे तिच्यासमोर बसून राहिलात. तिच्यावर माझा जीव कधी जडला असं मला कोणी विचारलं तर मी कॉलेजचं सांगतो, पण तुम्हाला कशाला खोटं सांगू. त्या दिवशी तिला दुःख आलं आणि तिने ते धावत आपल्या घरी आणलं, हे मला फार आवडलं होतं. बाकी काही कळायचं वय नव्हतं.

मला तुम्ही हुर्रे दिला होता. तो काही येईना. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीने मागच्या लाइनीला क्रिकेटमध्ये हरवलं तेव्हा मी धावत येऊन सांगितलं, "आला बाबा, आला!" तुम्ही विचारलं, "म्हणायच्या पहिले विचार केला होता का, की आता म्हणतो म्हणून?" मी म्हटलं, "हो." "मंग तो नाही." सायकल मिळाली तेव्हा, तुमचा बोनस झाला तेव्हा, दर वेळी मी आधी विचार करून बसलेला असायचो. तुम्ही एकदाही पास केलं नाहीत. "येईल," म्हणालात, "काहून घाई करतो?"

आणि ऊप्सचं तुम्हाला आठवतं? मी विसरलो नाही. ती आणि मी मागच्या भिंतीवर बसलो होतो, कशावरून भांडलो देव जाणे, मी तिला ढकललं. ती खाली पडली, हनुवटी फुटली, फ्रॉकवर रक्त. तुम्ही धावत आलात तर मी वरून दात काढून म्हणालो, "ऊप्स!" हुर्रे येत नव्हता म्हणून त्या आठवड्यापुरता तुम्ही मला बदली ऊप्स दिला होता. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही मला कधी मारलं नाही, त्या दिवशीही मारलं नाही. खाली उतरवलंत, दंड धरून तिच्या घरी नेलंत, आणि काकूंसमोर, काकांसमोर उभं करून म्हणालात, "ऊप्स कप फुटला तं म्हणायचं. माणूस फुटला तं नाही." मी विचारलं, "मग काय म्हणायचं?" "त्याले इंग्रजी नाही लागत. म्हण, चुकलं माझं." मी मान खाली घालून म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तिकडं पाहून." मी तिच्याकडे पाहून म्हटलं. हनुवटीवर हळद लावून बसली होती ती, हसली. तो व्रण अजून आहे, बाबा. लहानसा, उजव्या बाजूला. स्कूटीच्या आरशात ती स्कार्फ बांधते तेव्हा नळावरून दिसतो. आई काकूंना सांगत होती, बादली भरलेली असली तरी आमचं पोट्टं नळावर काहून जाते काही समजत नाही. आईला सगळं समजतं.

आउच मात्र तुमच्याच्याने कधी झाला नाही. खिळा ठोकताना हातोडी अंगठ्यावर बसली तेव्हा तुम्ही नाचत होता, "माय माय माय वो माय!" आणि मी खालून ओरडत होतो, "बाबा, आउच! आउच म्हणा!" तुम्ही नाचता नाचता "आउच रे बापा" म्हणालात आणि आई हसून हसून खाली बसली. म्हणून दवाखान्यात मी घाबरलो. मी बारा वर्षांचा, कॉटच्या पायाशी उभा. नर्स तुमच्या हातात सुई घालत होती, शीर सापडत नव्हती, तिसऱ्यांदा टोचलं. तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारलात आणि अगदी नीट, पुस्तकातल्यासारखं म्हणालात, "आउच." नर्स हसली. मला मात्र कळलं. खरं दुखलं की तुम्ही माय म्हणता. हे तुम्ही विचार करून म्हणालात, माझ्यासाठी. तुमच्याच नियमाने तो खोटा माल होता, आणि मी तो पास केला, हसलो. तो आपला शेवटचा रविवार. तुम्ही गेल्यावर, तुमच्या जलदानाच्या दिवशी, घर माणसांनी भरलं होतं, विहारातले लोक, सेक्शनचे लोक, काका भिंतीकडे तोंड करून उभे. मी स्वयंपाकघरात तक्त्याखाली बसलो होतो. ती आली, माझ्याजवळ बसली. मी तिला म्हटलं, "म्हण ना, तुझा शब्द आहे तो." तिने तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही म्हणत. तो पेरूच्या झाडाचा होता."

त्यानंतर वर्ग भरला नाही. आईला तुमच्या जागेवर फॅक्टरीत घेतलं, क्वार्टर राहिलं, तक्ताही राहिला, हळदीने पिवळा होत गेला. मी आणि ती एकाच कॉलेजात गेलो, एकाच वर्गात. ती पुढच्या बाकावर, मी शेवटच्या. तिच्याशी बोलायला मला कारण लागायचं आणि भांडण हे सगळ्यांत सोपं कारण होतं, तेव्हा आम्ही भांडत असायचो. दुसऱ्या वर्षाला इंग्रजीच्या सरांनी एक दिवस वर्गात सांगितलं की भाषणाच्या स्पर्धेसाठी भोपाळला आपल्याकडून एकच जण जाणार आहे, आणि तिचं नाव घेतलं. बाबा, मी काही विचार केला नाही. शपथेवर सांगतो. मी उभा होतो आणि माझ्या तोंडातून निघालं होतं, "हुर्रे!" मोठ्याने. दोन्ही हात वर. वर्ग जो हसला, जो हसला. मागच्या पोरांनी बाक बडवले. सर चष्मा काढून म्हणाले, "हुर्रे? अरे भाई, ये तो अब राजा-महाराजा भी नहीं बोलते! किसने सिखाया?" ते वाईट माणूस नव्हते. हसत हसतच विचारत होते, उत्तर मिळालं असतं तर कदाचित ऐकलंही असतं. माझे कान तापले. मी समोर बघितलं तर ती मागे वळलेली, आणि तीही हसत होती, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "किसने सिखाया, भैया?" सरांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "किसी ने नहीं, सर."

सायकल स्टँडवर मी तिला गाठलं. "तूही हसलीस." ती म्हणाली, "अरे पागल, मी त्यांच्यासारखी थोडी हसली! मले काका दिसले एकदम. चौकटीला टेकलेले. मला वाटलं आता म्हणतील, पास." मग तिचं हसू गेलं. "पण तू काय म्हणाला सरांना? किसी ने नहीं?" मी म्हटलं, "मग काय सांगू? बाप लेथ चालवायचा, त्याने रद्दीतल्या पुस्तकातून शिकवलं?"  "हो," म्हणाली, "हेच तर सांगायचं होतं. यात काय खराब आहे?" मी आवाज चढवला. काय बोललो ते तुम्हाला नाही लिहीत. ती स्कूटीला किल्ली लावत म्हणाली, "ज्या दिवशी म्हणशील ना की काकांनी शिकवलं, त्या दिवशी बोल माझ्याशी. तोपर्यंत नको." तिने ते पाळलं, बाबा. दोन वर्षं. आईशी बोलते, मांजरीशी बोलते, माझ्याशी नाही. आधी मोबाइलवर काही पाठवलं तर नुसतं 'हं' यायचं, मग तेही बंद झालं. हं ही कोणती भावना, तुमच्या तक्त्यावर नव्हती. मी फार रात्री जागवल्या त्या हंवर.

वर्गातली पोरं आठवडाभर मला बघून हुर्रे ओरडत होती. सातव्या दिवशी मी एकाचं नाक फोडलं. प्राचार्यांनी माफीनामा लिहून आणायला सांगितलं. मी लिहिला आणि त्यांच्या टेबलासमोरच फाडला, आणि परत गेलो नाही. घरी आलो. आई ड्यूटीवर होती. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि समोर तुमचा तक्ता. सगळ्यांत वर तुमचा तो मोठा लाल वॉव. मला वाटलं याच्यामुळे झालं सगळं. ओढला आणि फाडला, आडवा, उभा, पुन्हा आडवा. आई आली तेव्हा तुकडे जमिनीवर होते आणि मी ओट्यावर बसलो होतो. ती ओरडेल असं वाटलं. तिने केरसुणी उचलली, मग ठेवली, आणि हाताने एक एक तुकडा वेचला. "त्यायचं अक्षर होतं ते," एवढंच म्हणाली. तुम्हाला लोक हसले तेव्हा तुम्ही पुस्तक आणलं होतं. मला हसले तर मी हे केलं.

मग वर्ष असंच गेलं, आणि मग गोहलपुरात हा लेथ. उस्ताद म्हातारा माणूस आहे, बोलतो कमी, विडी फार. गेल्या महिन्यात मी मशीन चालू असताना बाहीने जॉब पुसायला गेलो. का, तर बाहेरून एक तशीच स्कूटी गेली, तोच आवाज, आणि माझी मान तिकडे. मागून "ए!" आला. एकच. माझा हात आपोआप मागे आला, बाहीचं टोक मशीनच्या फिरत्या चकमध्ये गुंडाळून फाटून गेलं. उस्तादने मशीन बंद केली, माझी पाच बोटं स्वतःच्या हाताने चाचपून बघितली.  म्हणाला, "इससे लंबी बात बोलता तो उँगली गई थी तेरी. जा, पानी पी." मी तेलाच्या डब्यावर बसलो आणि मला तुम्ही ऐकू आलात. चौकटीला टेकून, वाक्य मंग, वाक्य मंग. मला रडू आलं, पोरांना वाटलं हाताला लागलंय. संध्याकाळी मी आईला विचारलं, ते तुकडे फेकले का. तिने ट्रंकेतून पिशवी काढली. तुमच्या गेटपासासोबत ठेवले होते.

आज दुपारी आम्ही दोघांनी ते जमिनीवर मांडले. आई हळदीच्या डागांवरून ओळखत होती, मी अक्षरांवरून. "हा इकडचा, ह्याच्यावर वरणाचा शिंतोडा हाये." सगळे बसले, एक सोडून. उजवीकडचा, मधला, बोटाएवढा. आनंदासमोर भोक. आईने ट्रंक उलटी केली, पिशवी झटकली, पिठाच्या डब्यामागेही बघितलं, इतक्या वर्षांनी तिथे कसा असेल. "हुर्रेच काहून हरपला?" म्हणत बसली. आता उठतो. समोर काका सामानाला दोऱ्या बांधताहेत, कपाट एकट्याने ओढताहेत, जायला हवं. जाऊन सांगावं तर तिच्या घरात सगळे असणार. न सांगावं तर उद्या. काय करेन माहीत नाही.

इथवर काल लिहिलं होतं. आज रविवार, दुपार. ट्रक गेला.

काल कपाट उचलू लागलो खरं, पण ती आतल्या खोलीत भांडी बांधत होती आणि काकू मधे, जमलं नाही. सकाळी उठलो तर ट्रक लागलेला. काका मला बघून ओरडले, "अबे सॉरी भाऊच्या पोट्ट्या, झोपलाच का? पलंग काय तुहा बाप चढवेल?" आणि बोलून गेल्यावर तसेच थांबले, तोंड फिरवून नाक शिंकरलं. आम्ही पलंग चढवला, गादी, कूलर, तुळशीची कुंडी नको नको म्हणताना काकूंनी चढवलीच. ती स्कूटी ट्रकमध्ये चढवायला फळी धरून उभी होती. दुसऱ्या टोकाला मी. आमच्या मधे स्कूटी, वर ड्रायव्हर, बाजूला काका, पायऱ्यांवर काकू आणि आई. मी मनात वाक्य बांधून ठेवलं होतं, रात्रभर बांधलं होतं, ते काही पोचलं नाही. मी म्हटलं, "ए!"

सगळ्यांनी बघितलं. ड्रायव्हरने स्कूटी सोडली नाही, नशीब. मी म्हटलं, "चुकलं माझं." मग आठवलं आणि तिच्याकडे पाहून पुन्हा म्हटलं, "चुकलं माझं. बाबांनी शिकवलं होतं. आणि तो खरा होता, विचार करून नव्हता म्हटला." काका म्हणाले, "काय खरा? काय बोलून राहिला हा? फळी धर आधी."  स्कूटी चढली. फळी खाली ठेवून ती माझ्यासमोर आली, हनुवटीवरचा तो व्रण हाताने पुसल्यासारखा केला आणि म्हणाली, "दोन साल लागले तुले एवढं बोलायला?" मी म्हटलं, "हो." "मला भोपाळला पहिलं बक्षीस मिळालं होतं. तुला ठाऊक आहे मी काय बोलली तिथे?" मला ठाऊक नव्हतं. तुमच्यावर बोलली होती, बाबा. भोपाळला, मंचावर, परीक्षकांसमोर, पेरूच्या झाडासकट. शेवटी काय म्हणाली हे मी विचारलं तर म्हणाली, "शेवटी हुर्रे येत होता, पण तो शब्द माझा नव्हता. तुझा होता. म्हणून मी टाळला." आणि मग काकूंनी हाक मारली, आणि ती गेली. नागपूर काही फार लांब नाही. एवढंच मला आता सुचतं.

तक्ता आत्ताच लावला. आई खाली उभी राहून सांगत होती, डावीकडे थोडा, आता वर. अंगठ्यावर हातोडी मारून घेतली नाही, लिहायला बरं वाटलं असतं, पण नाही मारली. चिकटवल्याच्या रेघा दिसतात. आनंदासमोरचं भोक तसंच आहे, त्यातून भिंतीचा चुना दिसतो. आई अजून शोधते आहे. आत्ताही केर काढताना पलंगाखाली वाकून बघत होती.

हे पत्र घडी करून तक्त्यामागे खोचतो, आपल्याकडे दुसरी जागा नाही. एक मात्र तुम्हाला सांगून ठेवतो. तो तुकडा हरवला नव्हता. दोन वर्षांपूर्वी फाडला त्याच दिवशी, आई यायच्या आधी, मी तो उचलून खिशात घातला होता, का ते विचारू नका, रागात होतो. तेव्हापासून पाकिटात होता. आज काकूंनी तिला हाक मारली तेव्हा तो तिच्या मुठीत दिला. आईला अजून सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.